वेणीतला कापूस

"केस सोड."

सरकी काढायच्या जिनिंगच्या गेटवर दिवाणजी मला म्हणाला. शिफ्ट सुटली होती. माझ्या पुढे माय, मागे बायांची रांग. पुढच्यांनी पदर झटकून दाखवला, ओटी उलटी करून दाखवली, निऱ्या हलवून दाखवल्या. हे रोजचंच. पण बोंडअळीनं कपाशी खाल्ली तो हा हंगाम. कापूस कमी आला आणि शेठचा जीव एकेका बोंडात अडकला. म्हणून झडती पदरावरून केसांवर आली.

दहावी नापास होऊन मी नुकतीच कामाला लागले होते. मी वेणी सोडली. दिवसभर कापसाच्या गंजीवर राबलेल्या पोरीच्या केसांतून काय निघणार, मोगरा? दिवाणजीनं दोन बोटांत पुंजका धरून वर केला.

"पाहा. वेणीत माल घेऊन चालली."

ड्रायव्हर हसले. हमाल हसले. मायही हसली.

दिवाणजीच्या बोटांपेक्षा मायचं ते हसू मला जास्त लागलं. घरी जाताना मी विचारलं, "तू काहून हसली?"

"न हसून काय करू? उद्या गेटात घेतलं पायजे ना."

त्या गेटाबद्दल सांगितलं पाहिजे. आम्ही आत गेलो की त्याला बाहेरून कुलूप लागायचं. चावी दिवाणजीच्या कमरेला. आत आम्ही, मशीन, आणि माणसाच्या डोक्यावर जाणारा कापूस. कापूस कसा जळतो हे आमच्या घाटंजीत जिनिंगच्या कोणत्याही कामवालीला विचारा. आधी ज्वाळा दिसतच नाही. आतल्या आत धुमसत जातो आणि वरून पांढराशुभ्र असतो. आम्ही त्याच्यावर बसून भाकरी खायचो.

जिनिंगला लागून इरफानभाईंचं ट्रॅक्टरचं गॅरेज. त्यांची शबाना माझ्या वर्गातली. तिनं मोबाईलवर मला पोरं दाखवली. धावत येत होती, भिंतीवर पाय टेकवून पलीकडे जात होती, कठड्यावरून कठड्यावर उडत होती.

"याले पार्कूर म्हणतात," शबाना म्हणाली. "सामान नाही लागत, फी नाही लागत. भिंत पायजे फक्त."

"भिंतीची काय कमी हाये आपल्या इकडे," मी म्हणाले.

आठवडी बाजाराचे ओटे बाजाराचा दिवस सोडला तर रिकामेच. कुत्री झोपतात, पत्ते चालतात. तिथं आम्ही सुरुवात केली. इरफानभाईंनी जुने टायर आणून टाकले. ते एकच सांगायचे, "पहले पडायले शिका, बेटा. चढणं अपने आप येते." म्हणून आम्ही आधी पडलो. खांद्यावरून कोलांटी घेऊन उठायचं, पुन्हा पडायचं. पत्तेवाले म्हणायचे, पोरी वांदरं झाल्या.

एका ओट्यावरून दुसऱ्यावर पहिली उडी गेली तेव्हा मी रडले. तोवर माझं अंग एक तर कामाचं होतं, नाही तर झडतीचं. त्या उडीत ते पहिल्यांदा माझं होतं. म्हणून मी बायांना बोलावत सुटले. जिच्या घरी चहा घेतला तिला सांगितलं, जिच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली तिला सांगितलं. काही आल्या. कोणी म्हणे आता झोप लागते. एक जण म्हणाली, नवऱ्यानं हात उचलला की आता पाय आपोआप दाराकडे वळतात.

माय येत नव्हती. लाज वाटते म्हणायची.

पुढच्या हंगामात, संक्रांतीच्या आसपास, कापसातून एक खडा मशीनमध्ये गेला. ठिणगी पडली. धूर आला. आम्ही गेटाकडे पळालो. कुलूप. दिवाणजी जेवायला गेलेला, चावी त्याच्यासोबत. बाया गेट बडवत होत्या. माय माझ्याकडे पाहत होती आणि मी भिंतीकडे. मी जाऊ शकत होते. माय जाऊ शकत नव्हती. आम्हा दोघींनाही ते एकदमच कळलं. तिनं मानेनंच खुणावलं, जा. मी गेले नाही. हमालांनी पाणी मारून आग विझवली. त्या दिवशी विझली.

मला वाटलं, आता तरी कुलूप निघेल. दोन दिवसांत गवंडी आला. भिंत वाढली, वर काचा लागल्या. शेठनं मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची होती. बस म्हणाला नाही.

"बायायले भिंती चढणं शिकवून राह्यली म्हणे? चोर तयार करून राह्यली काय?"

कापसाचं गाठोडं पाठीवर घेऊन भिंत चढायची म्हणजे काय, हे शेठनं एकदा करून पाहायला हवं होतं. मी विचारलं, "शेठ, पुन्हा आग लागली तं?"

"दसऱ्याले मशीनची पूजा करतो ना आपण." मग तो गोड झाला. "सव्वीस जानेवारीले माह्याकडं पाहुणे हायेत. त्यायच्यासमोर मार चार उड्या. साडी घेऊन देतो. त्या ओट्यावरचं मात्र बंद."

म्हणजे त्याच्या अंगणात खेळ, आणि बाजारात चोरी. मी बाहेर आले आणि पुन्हा गंजीवर कामाला लागले.

संध्याकाळी गेटवर रांग लागली. दिवाणजी म्हणाला, "केस सोड."

"नाही."

"मंग बाहेर कशी जाशीन?"

गेटाजवळ कापसाच्या गाठी बांधायच्या बारदान्याचा, जाड तागाच्या कापडाचा, ढीग होता. एक बारदाना उचलून मी काचांवर फेकला. धावत गेले, गेटाच्या खांबावर पाय दिला, हात वर पोचले. काच बारदान्यातून तळहातात शिरली. मी सोडलं नाही. भिंतीवर उभी राहिले आणि वेणी माझ्या हातानं सोडली. रक्ताच्या हातानं केस झटकले. पुंजके खाली दिवाणजीच्या टोपीवर पडले.

"घ्या तुमचा माल," मी म्हणाले, आणि बाहेर उडी मारली.

या वेळी कोणी हसलं नाही. माय तर नाहीच.

मला कामावरून काढलं. मायला ठेवलं, आणि घरात चूल पेटली पाहिजे म्हणून ती जाते. यंदाही दसऱ्याला मशीनपुढे नारळ फुटला. कुलूप तसंच आहे. नवा कापूस यायला लागला आहे, गंजीचा माथा कुठवर आला ते माय सांगते. रोज थोडा वर चढतो.

शिफ्टच्या आधी, सकाळी, बाया ओट्यावर येतात. कासोटा घालतात. आधी बारदाना फेकायचा, मग पाय, मग हात. आता मायही येते. तिचा गुडघा सुजलेला असतो. आज ती टायरवर दोनदा आपटली आणि तिथंच बसून राहिली.

"माह्यानं नाही होत, बाई."

मला तिची कीव येते. पण मी ती गिळते, कारण धुराला कीव येणार नाही. शेठकडे मी अर्ज नेणार नाही, पाया पडायला जाणार नाही. कुलूप निघो न निघो, गंजी भिंतीच्या वर जायच्या आत यातली प्रत्येक बाई भिंत ओलांडेल. मायसुद्धा.

"उठ माय," मी म्हणाले. "पुन्हा."