दुसऱ्या बेडरूमचा उतार

"ही दुसरी बेडरूम," एजंटने दार ढकलत सांगितलं, आणि मला शंका आली. आतल्या पलंगाच्या दोनच पायांखाली लाकडाचे तुकडे सरकवलेले होते. मी बाटलीतलं थोडं पाणी फरशीवर सांडलं. ते सरळ कोपऱ्यातल्या, पावसाचं पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या पण आता बुजवलेल्या भोकाकडे निघालं. म्हणजे ही काचा लावून बंद केलेली बाल्कनी, आणि भाडं मात्र दोन बेडरूमचं!

खोलीला बेडरूम कधी म्हणायचं? पलंग मावला की? दार लागलं की? माझ्या मते, तिथे माणूस निर्धास्त झोपला की. हे मी एजंटला ऐकवत होतो, तेवढ्यात पलंग करकरला. खोली बाबांसाठीच हवी होती. "मला कुठेही झोप लागते रे," असं ते सकाळपासून प्रत्येक घरात म्हणत होते. आता ते चक्क आडवे झाले होते, डोळे मिटून.

"बघा, काका झोपलेसुद्धा!" एजंट खूश झाला. "आता तरी बेडरूम म्हणाल ना?"

मी वाकून पाहिलं. बाबा झोपले की घर दणाणेल असे घोरतात. इथे श्वासाचाही आवाज नव्हता, आणि माझी चाहूल लागताच त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.