चिखलाच्या पायांची हजेरी

“पोरगी दहावी झाली, मंग बोला.” सुंदरबाई हे रोज कोणाला ना कोणाला ऐकवायची. कोणी नातीसाठी स्थळ आणो, कोणी तिला मजुरीला मागो, उत्तर तेवढंच.

सिहोऱ्याकडच्या आमच्या गावात ती धान रोवणाऱ्या बायांची म्होरकी. नात तृप्ती गावच्याच सरकारी हायस्कुलात नववीला होती. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा या शाळेत पोरं दाटीवाटीनं बसायची. मग कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाड्या आल्या, आणि इथंच शिकलेल्यांनी आपली लेकरं तिकडं धाडली. उरल्या मजुरांच्या पोरी. विनोद मास्तर सांगून गेले, “साहेब पट तपासायला येणार. पोरी कमी दिसल्या तर शाळा बंद.” तसं झालं तर तृप्तीची दहावी राहिलीच. पुढची शाळा थेट सिहोऱ्याला, तिथं तिला रोज नेणार कोण?

साहेब आले ते भर रोवण्यात. तलावाखालच्या पाणी भरलेल्या बांध्यांत आकाश उतरलेलं, आणि पोरी आयांच्या जोडीला वाकलेल्या. सुंदरबाई दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून ओरडली, “पोरी सोडा वो! मालकाले मी पाहून घेतो.”

“अन् हे पाय?” शेजारी रोवणारी चंद्रकला लेकीच्या चिखलाच्या पायांकडे बोट दाखवत म्हणाली.

“पायानं लिवते का तुई पोरगी? पळव!”

पोरी धावत येऊन वर्गात बसल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, गणवेश घरीच. साहेबांनी एकेकीचे पाय पाहिले आणि हसले.

“मास्तर, मजूर आणून पट भरता?”

“साहेब, याच विद्यार्थिनी आहेत. हजेरीत नावं आहेत.”

“नावं कोणीही लिहितं.”

तृप्ती उठून धडा वाचू लागली. तिचं पहिलं वाक्य संपेस्तोवर साहेब गाडीत बसलेही होते.

पोरींमागोमाग आलेली सुंदरबाई गाडीपुढं आडवी आली. “साहेब, तुमी भात खाता ना? तो काय कोणी बूट घालून रोवते?”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

दिवाळीनंतर शाळेला कुलूप लागलं. सगळ्यांत जास्त हळहळले ते कॉन्व्हेंटवाले. सुंदरबाई कातावली, “गाडीले टाटा करून राहिले होते तवा नाही रडले. आता कायले रडून राहिले?”

कापणी अर्ध्यावर होती. कुलूप लागल्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं विळा चंद्रकलाच्या हाती दिला.

“बाई, तू नसली तं काम कसं होईन? मजुरी बुडन तुई.”

“बुडू दे. पोरीले मी नेतो. आजबी, उद्याबी.”

तृप्तीला पुढं घालून ती सिहोऱ्याच्या रस्त्याला लागली. बांधीतल्या बाकीच्या पोरी हातात विळे धरून, उभ्या धानातून त्या दोघींकडे बघत राहिल्या.