हुंकारा वगळून

गेल्या वर्षी होळीच्या आधीच्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, मी घरच्या संगणकावर एका ध्वनिमुद्रणातून एका माणसाचा आवाज काढून टाकला. तो माणूस तेव्हा जिवंत होता आणि आमच्यापासून एक गल्ली सोडून राहत होता. आवाज परत आणता येत नाही, हे त्या वेळी मला माहीत होतं.

मी पुसदला राहतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर सव्वीस वर्षं काम करून घरी बसलो. पलीकडच्या गल्लीत जिल्हा परिषदेच्या शाळेतली एक शिक्षिका राहते. तिचे आईवडील महागावकडच्या एका तांड्यावरचे. कापूस वेचून झाला की ते दोघं दोन-तीन महिने लेकीकडे येऊन राहायचे. तांड्यावरचे सगळे तिच्या आईला याडी म्हणतात. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. मीही तिला याडी म्हणू लागलो. वडिलांना बाबा.

याडीला एक लांबलचक कथा येत होती. मिठाच्या गोण्या वाहणाऱ्या बैलांचा तांडा आणि नदी ओलांडायला नकार देणारा एक बैल, असा तिचा विषय. तिनं ती आपल्या आजीकडून ऐकली होती. तांड्यावर आता दुसऱ्या कुणाला ती पूर्ण येत नाही, असं लेकीचं म्हणणं. तिनं मला विचारलं, ‘‘काका, तुमच्या कम्प्युटरवर आईची कथा रेकॉर्ड होईल का? मोबाइलवर केली तर नुसता पंखा ऐकू येतो.’’

मी होईल म्हणालो. माझ्याकडे मुलाखतींसाठी घेतलेला एक माइक होता. प्रोग्रॅम नव्हता. मी इंटरनेटवरून तीन उतरवून घेतले.

पहिला फुकट होता. त्याच्या पडद्यावर बटणं फार, आणि तो ऐकेल ते सगळं जसंच्या तसं ठेवायचा. पंखा, रस्त्यावरचा भोंगा, माझ्या खुर्चीची करकर. दुसरा दिसायला नेटका होता, पण फुकटच्या प्रतीत दर काही मिनिटांनी एक बाई स्वतःच्या कंपनीचं नाव सांगायची. तिसऱ्यात एकच मोठं बटण होतं. ते दाबलं की मुख्य आवाज राहतो आणि बाकीचं जातं. मी पंखा चालू ठेवून स्वतःच्या आवाजात एक बातमी वाचली आणि बटण दाबलं. पंखा गेला. आकाशवाणीच्या स्टुडिओत बसून वाचल्यासारखा आवाज आला. मी तिसरा निवडला.

याडी आणि बाबा लेकीबरोबर पहिल्यांदा आले तेव्हा ही निवड व्हायची होती, पहिलाच प्रोग्रॅम सुरू होता. माइक किती लांब ठेवायचा हे पाहायला मी याडीला दोन वाक्यं बोलायला सांगितलं. तिनं एक वाक्य म्हटलं. बाजूच्या खुर्चीतून बाबा म्हणाले, ‘‘हूं.’’ तिनं दुसरं म्हटलं. बाबा म्हणाले, ‘‘हूं.’’

मी बाबांना थांबवलं.

पुढे याडी बोललीच नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, ‘‘याडी, सांगा ना पुढे.’’

‘‘कोणाले सांगू?’’

‘‘माइकमध्ये सांगा.’’

‘‘हुंकारा नाई तं कथा कोणाले सांगू, भाऊ? या डबीले?’’

लेक हसली. बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘साहेब, हुंकारा बंद झाला म्हंजे आयकणारा झोपला. मंग सांगणारीनं उठून जावं, असा कायदा हाये आमचा.’’

‘‘अन् हा झोपत नाई,’’ याडी म्हणाली. ‘‘पन्नास साल झाले. कथेले कटाळला, मले कटाळला, पण हुंकाऱ्याले नाई कटाळला.’’

कथा सांगताना ऐकणारा वाक्यावाक्याला ‘हूं’ म्हणतो, एवढं मला ठाऊक होतं. त्याला मी सवय समजत होतो. डेस्कवर मुलाखती उतरवताना आम्ही असे सगळे ‘हं’, ‘हो’, ‘बरं’ गाळायचो. वाचकाला त्यांचा उपयोग नसतो, हे मी नव्या उपसंपादकांना शिकवलेलं आहे. तेव्हा मी मनाशी ठरवलं की बाबांना आता बोलू द्यायचं आणि मागाहून काढायचं. त्यांना मी तसं सांगितलं नाही. पुढच्या वेळी त्यांची खुर्ची फक्त दाराजवळ सरकवली.

कथा तिसऱ्या प्रोग्रॅममध्ये ध्वनिमुद्रित झाली. बावन्न मिनिटं लागली. याडी डोळे मिटून सांगत होती. प्रत्येक वाक्यानंतर थांबायची, दाराकडून ‘हूं’ आलं की पुढे जायची. बैल नदीच्या काठावर अडतो तिथे बाबांचा हुंकारा लांबला. बैलाच्या मालकानं काठी उचलली तिथे तो आलाच नाही. याडीनं डोळे उघडले. मग बारीक आवाजात आला. मी हे सगळं पाहिलं आणि कानाला हेडफोन लावून ऐकलंही.

ते दोघं गेल्यावर मी बटण दाबलं. पंखा गेला. बाबांचा आवाज दुरून आलेला होता, त्यामुळे प्रोग्रॅमनं तोही पंख्यासारखाच धरला आणि काढला. त्याच्या जागी मोकळ्या जागा राहिल्या. त्या मिटवायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती. मी ती वापरली. बावन्न मिनिटांची कथा अडतीस मिनिटांची झाली. जतन करताना एक चौकट आली: मूळ ध्वनिमुद्रण ठेवायचं का? संगणकात जागा कमी होती. मी ‘नको’वर टिचकी मारली.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या घरी मी ती फाइल ऐकवली. आवाज स्वच्छ होता. लेक खूश झाली. याडी थोडा वेळ ऐकून म्हणाली, ‘‘कोणी मागं लागलं हाये काय माह्या? कशी पळून राह्यली!’’

बाबा शेवटपर्यंत कान देऊन बसले होते. मग म्हणाले, ‘‘याच्यात मी कुठी हाव?’’

‘‘बुढ्याचं काय काम याच्यात?’’ याडी म्हणाली. ‘‘कथा माही, आवाज माहा.’’

‘‘मी तं अख्खी दुपार होतो तिथी.’’

‘‘बाबा, तुमचा आवाज माइकपासून लांब होता,’’ मी म्हणालो. ‘‘आला नाही.’’

‘‘साहेबानं मले बादच केलं,’’ बाबा म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. आला नाही, हे मी सांगितलेलं पहिलं खोटं. त्याची तेव्हा कुणी दखल घेतली नाही.

पोळ्यानंतर तांड्यावर बाबांना ताप आला. पुसदला आणलं. पाचव्या दिवशी ते वारले. मी अंत्यविधीला गेलो होतो.

तेराव्यानंतर आठ-दहा दिवसांनी लेक घरी आली. उभ्यानंच म्हणाली, ‘‘काका, आईला ती रेकॉर्डिंग पाहिजे.’’

‘‘तुझ्याकडे आहे ना ती?’’

‘‘ती नाही. आधीची, साफ करायच्या आधीची. आई म्हणते, कथा तर मले येतेच. मले त्याचा हुंकारा आयकाचा हाये.’’

मी विचारलं की बाबांचा आवाज दुसरीकडे कुठे नाही का. नव्हता. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. लेकीच्या मोबाइलमध्ये त्यांचे फोटो होते आणि भाच्याच्या लग्नातला एक व्हिडिओ. त्यात बाबांचे ओठ हलतात आणि डीजे वाजतो.

मी म्हणालो, ‘‘ते संगणकानं आपोआप काढून टाकलं. माझ्या हातात नव्हतं.’’

पहिलं वाक्य अर्धं खरं होतं. दुसरं पूर्ण खोटं होतं. दुसऱ्या कुणाच्या बातमीत ही दोन वाक्यं आली असती तर मी खाली लाल रेघ मारून बातमीदाराला बोलावलं असतं. लेक म्हणाली, ‘‘तुम्ही तरी काय करणार, काका.’’ आणि गेली.

पुढचे चार दिवस मी पुसलेली फाइल परत मिळवण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी आणखी दोन प्रोग्रॅम उतरवले. ती जागा नंतरच्या फाइलींनी भरली होती. यवतमाळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे संगणक घेऊन गेलो. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि काही मिळत नाही म्हणून सांगितलं.

संगणक परत आल्यावर मी त्यातले नको असलेले प्रोग्रॅम काढायला बसलो. पहिला प्रोग्रॅम काढण्याआधी त्याचा फोल्डर उघडला. माइकच्या चाचणीची फाइल तिथे पडून होती. एक्केचाळीस सेकंदांची. मी ती ऐकली. याडीचं पहिलं वाक्य, बाबांचा हुंकारा. दुसरं वाक्य, हुंकारा. नंतर माझा आवाज: ‘‘बाबा, मधात हूं म्हणू नका. रेकॉर्डिंग खराब होते.’’ त्यापुढे बाबा माझ्या बोलण्याला उत्तर देतात: ‘‘हूं.’’ मग आमचं बोलणं, त्यात लेकीचं हसू, मग बंद.

ही फाइल तशीच दिली असती तर संगणकानं आपोआप केलं हे माझं म्हणणं टिकलं नसतं. मी माझ्या आवाजाच्या आधीपर्यंतचा भाग निवडला आणि पुढचा कापला. याला दोन टिचक्या पुरतात. नऊ सेकंद उरले. ते मी लेकीच्या मोबाइलवर पाठवले आणि मागोमाग स्वतः गेलो.

याडी तेराव्यापासून लेकीकडेच होती; ओसरीत बसली होती. लेकीनं मोबाइल तिच्या कानाशी धरला. नऊ सेकंद संपले.

‘‘बस?’’ याडीनं विचारलं.

‘‘एवढंच सापडलं,’’ मी म्हणालो.

‘‘अखीन लाव.’’ लेकीनं लावलं. याडी म्हणाली, ‘‘हा दोनावर थांबणारा नाई, भाऊ.’’

‘‘आई, काकांनी इतकी मेहनत करून शोधलं,’’ लेक म्हणाली.

‘‘मेहनत केली असंन. मी कुठी नाई म्हणून राह्यली?’’ ती माझ्याकडे वळली. ‘‘मले एवढंच सांगा. याले थांबवलं कोनं?’’

लेकीनं मोबाइल खाली ठेवला.

‘‘मी थांबवलं,’’ मी म्हणालो.

‘‘तेव्हा, का आता?’’

‘‘दोन्ही वेळेला.’’

मग मी सगळं सांगितलं. खुर्ची दाराजवळ का सरकवली ते. बटण कुणी दाबलं ते. चौकटीत काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं ते. लेक मध्येच म्हणाली, ‘‘पण तुम्ही म्हणालात, हातात नव्हतं.’’ मी म्हणालो, ते खोटं होतं. ती उठून आत गेली. आत भांडी लावल्याचा आवाज येत राहिला.

याडीनं पदर डोक्यावर घेतला आणि चप्पल पायात घातली. ‘‘चाला,’’ ती म्हणाली. ‘‘पुरं आयकवा.’’

आम्ही माझ्या घरी आलो. मी एक्केचाळीस सेकंद लावले. मी बाबांना दटावतो तिथे ती पुढे वाकली. तिसरा ‘हूं’ आला तेव्हा तिनं पडद्याला हात लावला, मग काढून घेतला.

‘‘पुना लाव.’’

मी पुन्हा लावलं. असं चारदा झालं. चौथ्यांदा ती म्हणाली, ‘‘याले तुमी चूप बस म्हणून राह्यले, अन् ह्या येड्यानं तुमालेच हुंकारा देल्ला.’’

मी माफी मागितली. अडतीस मिनिटांची कथा अजून संगणकात आहे का, असं तिनं विचारलं. मी आहे म्हणालो.

‘‘ते पुसून टाका.’’

‘‘याडी, पूर्ण कथा तेवढीच आहे. तांड्यावर दुसऱ्या कुणाला येत नाही.’’

‘‘ते कथा नोहे, भाऊ. कोणी आयकलीच नाई ते.’’

मी तिच्यासमोर ती फाइल पुसली. लेकीनं आपल्या मोबाइलमधली तीच प्रत संध्याकाळी पुसली. एक्केचाळीस सेकंदांची फाइल याडीच्या नातवाच्या फोनमध्ये तांड्यावर आहे. याडीनं त्यानंतर कथा कुणाला सांगितल्याचं लेकीला माहीत नाही. परवा मी लेकीला विचारलं होतं.