एका खुर्चीची होडी

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एकदा बराच वेळ या प्रश्नावर खल झाला, की होडी हे वाहन आहे की नाही. वाहन असेल तर तिला पार्किंगचा स्टिकर हवा, आणि नसेल तर ती पार्किंगमध्ये काय करते? एक सभासद म्हणाले, चाकं नाहीत म्हणजे वाहन नाही. दुसरे म्हणाले, मग तळमजल्यावरच्या आजोबांच्या स्कूटरलाही चाकं उरलेली नाहीत, तिला स्टिकर कसा? शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला आणि गेटजवळच्या कारंज्याप्रमाणे आमची होडी 'शोभेची वस्तू' म्हणून मंजूर झाली. कारंज्यालाही कधी पाणी दिसत नाही, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

होडी माझ्या नवऱ्याची. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रसायनांच्या कंपनीत आयुष्य काढल्यावर त्यांनी लवकर निवृत्ती घेतली, आणि मोकळ्या हवेचं वेड डोक्यात घेतलं. आधी एक जुनी मिनीबस आणली. तिच्यात पलंग, ओटा, नळ, खिडक्यांना पडदे असं सगळं करून घेतलं आणि तिला मोटरहोम म्हणायला लागले. आमच्या वॉचमनने पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, ॲम्ब्युलन्स कोणाकडे आलीय?" एवढ्यावर थांबतील तर ते आमचे हे कसले. गाडी झाली, आता टपावर काहीतरी हवं, म्हणून नेटवर बघून मासेमारीची कयाक, म्हणजे लांबट अरुंद होडी, मागवली. ती माजिवड्याच्या एका गोदामात आली आणि तिथून आणताना कळलं, की भरलेला सिलिंडर उचलताना जे होतं ते हिच्यापुढे काहीच नाही.

साधी कयाक हलकी असते म्हणे. मासेमारीची जड, कारण तिला सोयी. पाठ टेकायला खुर्ची, गळ उभे करायला नळ्या, पायाने मारायला पेडल, मासळी थंड ठेवायला खोका. नव्हती ती फक्त मासळी खाणारी माणसं. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. मी खाडीकाठची, मला मासे खायचे असले की मी माहेरी जाते, आणि घरी आल्यावर सासूबाईंच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीने आधी आंघोळ करते. तर हे मासा पकडणार, त्याच्याबरोबर फोटो काढणार आणि सोडून देणार. माझ्या आईला हे समजावून सांगताना जावयाची पुरती दमछाक झाली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोरून देतंव? मंग पकरतंव कशाला?" याला यांच्याकडे इंग्रजीत उत्तर होतं, मराठीत नव्हतं.

माझं माहेर ठाण्याच्या खाडीवर. आता तिथे टॉवर आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत खाडीचा देखावा फुकट मिळतो असं लिहिलेलं असतं. माझ्या लहानपणी तिथे देखावा नव्हता, चिखल होता. वडिलांची होडी ओहोटीला चिखलात रुतायची आणि ती ओढायला आम्ही सगळे असायचो. आई दोर कमरेला घ्यायची, मी मागून ढकलायची. जाळी आम्ही विणायचो, वाळवायचो, मासळी टोपलीत भरून आई डोक्यावरून बाजारात न्यायची. फक्त होडीत पाय ठेवायचा नाही. बाईचा पाय लागला की जाळं रिकामं येतं, हा निदान आमच्या घरातला नियम होता आणि तो मोडायची हिंमत कोणी केली नाही. माझा धाकटा भाऊ चड्डीत असल्यापासून होडीत बसायचा आणि काठावरच्या मला जीभ दाखवायचा. वडील गेले, होडी मोडीत गेली, मी डोंबिवलीत संसार केला, शाळेत इतिहास शिकवून निवृत्तही झाले. पण होडीत बसायचं राहिलंच.

त्यामुळे ती पोपटी वस्तू गोदामातून घरी आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, आणि तो मी बोलूनही दाखवला. "मला पण बसायचंय," म्हटलं. हे म्हणाले, "अगं, बसशील की. आधी मला जमू दे." पहिल्या फेरीत यांना जमायचं होतं. दुसऱ्या फेरीत लाइफ जॅकेट यांच्या मापाचं होतं. मग एक दिवस शांतपणे खुलासा झाला: "ती एकाच माणसाची असते गं. एकच खुर्ची." वडिलांकडे निदान धर्म होता. यांच्याकडे कंपनीचं माहितीपत्रक होतं. दोन्हीकडे माझी जागा काठावर, हातात चपला आणि पाण्याची बाटली घेऊन. मी रागावले नव्हते असं म्हणणार नाही. चांगली चिडले होते.

गंमत अशी, की बसायला एकच माणूस, पण टपावर चढवायला अख्खी बिल्डिंग. दर वेळी हे आदल्या दिवशी ग्रुपवर आवाहन टाकायचे आणि सकाळी गणेशोत्सव मंडळाची सगळी टीम बर्म्युडात खाली हजर. आमच्याकडचे लोक भाजी आणायला कंटाळतील, पण सार्वजनिक वजन उचलायला एका पायावर तयार असतात. मी दर वेळी मागचं टोक धरायला पुढे व्हायची आणि दर वेळी मला सांगण्यात यायचं, "वहिनी, तुम्ही बाजूला व्हा, लागेल."

आता सांगतेय ती फेरी थंडीतली. आई आमच्याकडे राहायला आली होती, आणि पलंग असलेल्या गाडीत बसायची तिला हौस होती. टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीवर जायचं ठरलं. सकाळी खाली उतरलो तर नेहमीपेक्षा जास्त मंडळी. कोणीतरी नारळ आणला होता, होडीच्या नाकाला लिंबू-मिरची बांधून झाली होती. निम्मे पुढे उभे राहिले, निम्मे मागे, मागच्यांत आमचे हे. मंडळाच्या खजिनदारांनी, कोणी सांगितलं नसताना, आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा".

आता आमच्याकडे वजन उचलायची हीच रीत आहे. पण आमच्या बिल्डिंगमध्ये दोन पक्ष आहेत, हे त्या दिवसापर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढचे सगळे मूर्ती गाडीवर चढवणारे. ते 'बाप्पा'ला उचलतात. मागचे सगळे मिरवणुकीत ओरडणारे. ते आधी 'मोरया' म्हणतात, मग उचलतात. पुढचं टोक खांद्यावर गेलं तेव्हा मागची माणसं तोंड उघडून उभी होती. होडी घसरगुंडीवरून यावी तशी मागे आली. बाकीचे भाविक बाजूला झाले आणि यांनी ती एकट्याने कमरेवर झेलली.

चमक भरली. वाकता येईना, वळता येईना, श्वास घेतानासुद्धा चेहरा वाकडा. मी म्हटलं, "अहो, घरी चला." तेवढ्यात मागच्या पक्षाने पुढच्या पक्षाला सुनावायला घेतलं, की 'मोरया' म्हटल्याशिवाय उचलायचं हा अपशकुन आहे. पुढचे म्हणाले, बाप्पा म्हटल्यावर हात जागेवर ठेवणं हा आळस आहे. मग एक-दोन-तीनवर उचलायचं ठरलं, तर तीनला उचलायचं की तीननंतर, यावर पुन्हा वाद. अखेर ती कशीबशी वर चढली, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं आणि अध्यक्षांनी 'मोठा मासा आणा' असं जाहीर केलं. एवढा निरोप घेतल्यावर घरी जायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. यांनी कमरेला पट्टा आवळला, दात आवळले आणि गाडी काढली.

कल्याणपर्यंत मी एका हाताने पोळीभाजीचा डबा सांभाळत होते आणि दुसऱ्या हाताने खिडकीबाहेर काठी धरली होती. गल्ल्यांमधून केबलच्या वायरी लोंबत असतात, त्या होडीत अडकू नयेत म्हणून काठीने उचलायच्या, हे माझं खातं. आई मागे पलंगावर मांडी घालून बसली होती आणि पडद्यातून रस्त्याकडेच्या नव्या इमारती मोजत होती. प्रत्येक खड्ड्याला हे 'आई गं' म्हणायचे आणि प्रत्येक वेळी ती 'काय जावई?' विचारायची.

नदीवर पोचलो. पाणी संथ होतं, काठ उतरता, पलीकडे म्हशी डुंबत होत्या. हे दार धरून उतरले आणि टपाकडे बघत उभे राहिले. एरवी हे आसपासची दोन-चार माणसं गोळा करायचे, पण त्या दिवशी उचलायला इथे कोणताच पक्ष नव्हता.

"राहू दे," ते म्हणाले. "चहा घेऊ, गाडीबरोबर एक फोटो काढू आणि निघू. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी हे शब्द ऐकले आणि माझं डोकं फिरलं. मी गाडीतली फोमची गादी ओढून काढली, जी यांनी खास माप देऊन शिवून घेतली होती, आणि मागच्या चाकांपाशी चिखलात टाकली. "अगं, ती गादी," ते म्हणाले. मी शिडीने टपावर चढले, पट्टे सोडले आणि होडी तसूतसूने मागे ढकलली. होडी उचलायची असते हे मला डोंबिवलीत आल्यावर कळलं. आमच्याकडे ती कोणी उचलत नाही, ओढतात. मागचं टोक गादीवर टेकलं, खाली येऊन मी दोर कमरेला घेतला आणि ओढत नेली. हात सोलवटले, साडीचा काठ चिखलाने भरला, पण ती पाण्याशी आली. आई दाराच्या पायरीवर येऊन बसली होती.

मी यांचं लाइफ जॅकेट अंगात चढवलं. ते मोठं होतं, पट्टे ओढल्यावर बसलं. हे घाबरले. त्यांच्या घाबरण्यात माया होती, हे मला तेव्हाही समजत होतं.

"तुला पोहता येतं?" त्यांनी विचारलं.

आमच्या लग्नाला तेव्हा मोठा मुलगा नोकरीला लागण्याइतकी वर्षं झाली होती. "येतं," म्हटलं आणि बसले.

पहिल्यांदा ती दोन्हीकडे हलली. मग स्थिर झाली. पेडल मारलं तशी सरकली. काठावरून सूचना येत होत्या, डावीकडे घे, पाठ टेक, मधे जाऊ नकोस. मी मधे गेले. तिथे पाय थांबवले आणि नुसती बसून राहिले. खालून पाणी लाकडावर बोट वाजवावं तसं टकटक वाजत होतं. मला रडू आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही. भावाचा राग आला, वडिलांचा आला. मग त्यांची फार आठवण आली, कारण इथून काठ कसा दिसतो हे त्यांना माहीत होतं आणि ते मला सांगायचं त्यांना कधी सुचलं नाही.

परत काठाला लागले तेव्हा आई पाण्यापर्यंत चालत आलेली होती. तिने होडीच्या कडेवरून हात फिरवला, खुर्ची दाबून बघितली, गळाच्या नळीत बोट घातलं.

"बसतेस?" मी विचारलं.

"मना नको," ती म्हणाली, पण हात काढला नाही.

हे कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हळूहळू, कण्हत, चिखलात उतरले आणि आपला खांदा पुढे केला. "या आई. धरा मला." तिने लुगड्याचा घोळ गुडघ्यात खोचला, जावयाच्या खांद्यावर हात टाकला आणि पाय उचलला. तो होडीवर टेकायच्या आधी ती थांबली. मला वाटलं, मागे घेणार. मग टेकवला.

तिला जॅकेट घातलं, खुर्चीत नीट बसवलं. मी गुडघाभर पाण्यात उतरून होडीची दोरी हातात घेतली आणि काठाकाठाने चालायला लागले. मागे वळून पाहिलं तर ती ताठ बसली होती, दोन्ही हात कडांना घट्ट धरून, नजर समोर. ऐंशीला आलेली माझी आई एखाद्या नव्या नवरीसारखी अवघडली होती. हे काठावरून आमच्या बरोबरीने लंगडत येत होते. त्यांच्या हातात फोन होता, पण फोटो काढायचं त्यांना सुचलं नाही.

"भीती वाटते का?" मी विचारलं.

तिने मान हलवली, नाही. बरंच अंतर गेल्यावर, माझ्याशी की पाण्याशी कोण जाणे, ती म्हणाली, "आमी कवा बसलो नाय होरीन. तरी किती येला जालं रिकामंच आयलं."