दफनाच्या यादीतली गंगा

अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे, केदारकडे, राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शरयू जगदाळेंना कळून चुकलं, की एकदा बर्फ पडला की आपण घरात कैद. साताऱ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात तीस वर्षं जुने कागद वाचलेल्या बाईला दिवसभर टीव्ही कसा पुरणार? शेवटी केदारनं त्यांना कॉम्प्युटरवर एक काम शोधून दिलं. इंग्लंडमधलं लिटल ॲशकम नावाचं चारशे वस्तीचं खेडं स्वतःचा इतिहास छापणार होतं. चर्चमधल्या जुन्या दफन-नोंदी फोटोंवरून वाचून टाइप करायला गावाला स्वयंसेवक हवे होते.

दोन हिवाळ्यांत शरयूकाकूंनी सहाशे पानं उतरवली. कुठल्या साली एकाच घरातली चार पोरं गेली, कोणता सुतार नव्वदीपर्यंत जगला, सगळं त्यांना तोंडपाठ झालं.

मग १८४१ सालची एक नोंद आली. गावानं पूर्वी केलेल्या यादीत तिथे ‘जॉर्ज, नोकर’ असं होतं. शाईच्या डागाखालची अक्षरं काकूंनी मोठी करून, उजळून पाहिली. पाद्र्यानं लिहिलं होतं, ‘गुंगा, मुंबईची, हवेलीतली आया, वय अंदाजे तीस.’

“अगं बाई, ही तर गंगा! पाद्र्यानं कानाला लागलं तसं लिहिलंय.”

इतिहास समितीचे अध्यक्ष पेलम व्हिडिओ कॉलवर हसले. “मिसेस जगदाळे, आमच्याकडे चाळीस वर्षं जॉर्जच आहे.”

“म्हणजे चाळीस वर्षं चुकलंय.”

काकूंनी त्याच पाद्र्याच्या हातची पन्नास अक्षरं कापून एका पानावर शेजारी शेजारी लावली होती. ते पान पाहून पेलमांनी जॉर्जचा हट्ट सोडला. मग म्हणाले, “फार तर तळटीप देऊ. ती काही गावची नव्हे.”

“एकशे ऐंशी वर्षं तुमच्या मातीत पडून आहे ती. आणखी किती राहिली म्हणजे गावची होईल?”

काकूंनी सांगून टाकलं, की नाव यादीत बसेपर्यंत उरलेल्या नव्वद पानांना आपण हात लावणार नाही.

“आई, जाऊ दे ना यार,” केदार वैतागला. “फुकटचं काम आहे, त्यात कशाला टेन्शन घेतेस?”

“फुकट करते म्हणून खोटं लिहू?”

तीन आठवडे शुकशुकाट. काकू रोज मेल उघडायच्या, काही नसायचं. जीव तुटायचा, कारण नोंदींतल्या त्या माणसांचा त्यांना लळा लागला होता. पण माघार घेतली नाही. ती उरलेली पानं दुसऱ्या कुणालाही वाचता येईनात, तेव्हा कुठे पेलमांचं दोन ओळींचं पत्र आलं: समितीनं नाव स्वीकारलं आहे, यादीतच.

काकूंनी नव्वद पानं पुरी केली आणि जूनमध्ये पुस्तक घरी आलं. एकेचाळीस सालाखाली, सुतार आणि गिरणीवाल्याच्या मधोमध, ‘गंगा, मुंबई’ छापलं होतं. काकूंनी ते पान केदारला मोठ्यानं वाचायला लावलं. मग चष्मा सारखा करून पुढची पानं चाळली आणि लगेच पेलमांना मेल लिहायला बसल्या. आणखी तीन नावं चुकली होती.