टाचेवरचे इलाज

अकोल्यात आमच्या शेजारी डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतले एक कारकून राहतात. त्यांची टाच कैक वर्षं दुखते. बायकोचीही दुखते, म्हणून कोणी नवा इलाज सांगितला की तो आधी तिच्या टाचेवर होतो. तापल्या विटेवर रुईची पानं ठेवून शेकणं झालं, लाटण्यावर तळवा घोळवणं झालं, मालीशवाल्याचं पाहून अंगठ्यानं रगडणंही झालं. मग हे आरामखुर्चीतून निकाल देतात, "मास्तर, वीट फुकट हाय. हिले काईच फरक नाई पडला." जिल्ह्याचा न्याय जणू यांच्याच सहीनं होतो. असल्या माणसाचा चहा मी रोज पितो आणि तोंड उघडत नाही, हे एकदा लिहूनच टाकतो.

परवा त्यांनी तापल्या सुईनं तिच्या टाचेला बिब्ब्याचे चटके दिले. काल ती चहा घेऊन आली ती चवड्यांवर चालत. बिब्बा उतून टाचभर फोड आले होते. ते मला दिसले. ह्यांनी खाली पाहिलंच नाही.

"काय वं, कसं वाटून राहिलं?"

"लय आराम हाय," ती म्हणाली. "तुमी आजच घ्या. अन् जरा दाबून घ्या, तुमचं कातडं जाड हाय."

ते माझ्याकडे वळले. "तुमी काय म्हणता, मास्तर?"

"वहिनी म्हणतात तर घ्याच," मी म्हणालो, आणि सुई तापवायला शेगडी त्यांच्यापुढे सरकवली.