जुडीची गाठ

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. कोणाच्या अंगात आलेलं पाहिलं की मला हसू फुटतं, आणि त्यापायी घरच्यांची बोलणीही भरपूर खाल्ली आहेत. मी टाइमटेबलचा माणूस. एसटी कितीची, कुठे किती थांबायचं, कोणाचं सामान कोणाच्या बॅगेत... हे सगळं वहीत उतरवल्याशिवाय मला उंबरा ओलांडवत नाही. अशा माणसाच्याच वाट्याला हे यावं, याचा मला अजून राग येतो.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. आम्ही चांदूर बाजारचे. वडील भाजीमळा करायचे, मी अमरावतीला एका कचेरीत कारकून होतो. माझा शाळेपासूनचा दोस्त नामदेव गावातच प्राथमिक शाळेत मास्तर होता. दिवाळी उलटली की दोघांनी पाठीवर बॅगा टाकून कुठेतरी डोंगरात पायपीट करायची, हा आमचा नेम. गाविलगड झाला होता, मुक्तागिरी झाली होती. त्या वर्षी ठरलं सेमाडोह. घटांगपर्यंत गाडीनं आणि पुढे मेळघाटातून पायी.

माझ्यासाठी ती सहल होती. नामदेवसाठी नव्हती.

त्याचा बाप आराकश होता, म्हणजे जंगलात लाकूडतोड चाले तिथे मोठ्या करवतीनं ओंडके कापायचा. नामदेव चार वर्षांचा असताना तो बाप सेमाडोहकडे तापानं गेला. सोबत्यांनी तिथेच ओढ्याकाठी, पांढऱ्या खडकाजवळ पुरला आणि महिनाभरानं गावी येऊन सांगितलं. घरचं कोणी कधी तिकडे गेलं नाही. पुढे छप्पन साली नामदेवच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला. घरात मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं जाऊ लागलं, पण त्या माणसाच्या मातीवर दोन शब्द बोलायचे राहिले ते राहिलेच. नामदेवच्या आईला हे सलत होतं. तिला दम्यानं पार पोखरलं होतं आणि हा हिवाळा ती काढते की नाही, याची डॉक्टरला खात्री नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं दोन मेणबत्त्या माझ्याच हातात दिल्या. नामदेव विसरभोळा, हे तिला ठाऊक.

"एक माह्याकडून लावजो म्हना त्याले, अन् एक त्याच्याकडून," ती म्हणाली. "मंग मी मोकळी."

मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि सुतळीनं बांधल्या. ही गाठ नीट सांगायला हवी. आमच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधायची ती गाठ. सुतळी अंगठ्यावर दोनदा फिरवायची, टोक आतून काढून असं ओढायचं की ते वेढ्यात बुडून जातं. ही गाठ सुटत नाही, कापावीच लागते. वडिलांनी मला शिकवली होती. नामदेवनं लहानपणी कितीदा प्रयत्न केला, त्याला कधी जमली नाही. पुडकं मी माझ्या बॅगेच्या तळाशी ठेवलं आणि वहीत नोंद केली.

शनिवारी सकाळी घटांगच्या नाक्यावर पोचलो तर रस्त्यात बांबू आडवा. अलीकडे एक फॉरेस्ट गार्ड बिडी ओढत उभा.

"जंगल बंद हाय, बाबू."

"बंद म्हणजे? कशानं?"

"बाहेरच्या कोन्या शिकाऱ्यानं वाघ घायाळ करून सोडला. चवताळून फिरून राहिला तो. कामाचे मजूर बी आमी काल बाहेर काहाडले. आत चिटपाखरू नाई."

"कवा उघडन?" नामदेवनं विचारलं.

"वाघ सापडन तवा."

नामदेव तिथेच दगडावर बसला. "किसन, थांबू इथंच. आज ना उद्या सापडन. नाई तं एखाद्या सायबाले हात जोडू."

मी घड्याळ पाहिलं. माझी रजा सोमवारपर्यंत. साहेब खडूस, एक दिवस जास्त झाला की पगार कापणार. मी वही काढली, सेमाडोहवर काट मारली आणि खाली लिहिलं: परतवाडा, अंजनगाव, अकोट, नरनाळा. पाच मिनिटांत नवा प्लॅन तयार! त्या पाच मिनिटांचा तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. आज त्याच आठवणीनं मान खाली जाते.

"अन् मायले काय सांगू?" तो म्हणाला.

"जंगल उघडलं की पुन्हा येऊ. मेणबत्त्या काय पळून चालल्या लेका?"

तो उठला आणि मागे आला. पण अकोटपर्यंत गाडीत त्याची चुळबुळ थांबली नाही. धर्मशाळेतही तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

रविवारी दुपारी आम्ही नरनाळ्यावर होतो. किल्ला मोठा देखणा. महाकाली दरवाज्यावरचं कोरीवकाम पाहून मी दोनदा "वा" म्हटलं. नामदेव तिकडे बघेना. तो उत्तरेच्या तटावर येरझाऱ्या घालत होता. मी भाकऱ्या सोडल्या, त्यानं अर्धी खाल्ली आणि पुन्हा उठला.

"त्या डोंगराच्या मांगं सेमाडोह ना?"

"असेल. इथून दहा-बारा कोस. हे बघ, एवढंच असेल तर इथूनच त्या दिशेला तोंड करून लाव ना."

"इथं काहून?" तो एकदम चिडला. "इथं माहा बाप हाय का?"

मग मलाही बसवेना. का ते कळत नव्हतं. तलावाकडे गेलो, परत आलो, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. आणि तेवढ्यात मेणाचा वास आला. मेणबत्ती जळताना येतो तो, अगदी जवळून. आसपास आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. मी बॅगेपाशी गेलो. ती उन्हात पडली होती. तळाशी हात लावला तर गरम! मेण वितळलं की काय म्हणून घाईनं पुडकं चाचपलं. कागद कोरडा, गाठ जशीच्या तशी, पण पुडकं चुलीजवळच्या तांब्यासारखं ऊन लागलं. ऊन आहे, दुसरं काय... असं मनाशी म्हणत मी बॅग सावलीत सरकवली. सवयीनं घड्याळ पाहिलं, तीन वाजून पंचवीस मिनिटं. नामदेव तटावर पाठमोरा उभा होता. त्याला मी हाक मारली नाही. उगाच त्याला आणखी कशाला अस्वस्थ करा, असा विचार केला.

सोमवारी संध्याकाळी गावी पोचलो ते थेट त्याच्या घरी. बॅग सबंध वेळ माझ्याच पाठीवर किंवा उशाशी होती. खोटं बोलायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. मी पुडकं आईच्या हातात दिलं.

"मावशी, जंगल बंद होतं. राहिलं ते काम. पुढच्या महिन्यात नक्की जाऊ."

तिनं पुडकं हातात धरलं, थोडं उलटंसुलटं केलं. मग विळ्यानं सुतळी कापली आणि कागद उघडला.

आत दोन्ही मेणबत्त्या अर्ध्या होत्या. वितळलेल्या नव्हे, जळलेल्या. वाती काळ्या, कडेनं मेणाचे ओघळ. कागदावर मात्र ना डाग, ना कुठे करपल्याची खूण.

आईनं काळ्या वातींवरून बोट फिरवलं. मग तिनं दोन्ही तुकडे कपाळाला लावले. "लावल्या ना?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात नामदेवनं माझा दंड इतका घट्ट दाबला की मी गप्पच बसलो.

ती कापलेली सुतळी मी खाली वाकून उचलली. गाठ शाबूत होती आणि गाठ माझ्याच हातची होती.

तीन आठवड्यांनी ती गेली. शांतपणे गेली, असं नामदेव म्हणाला. स्मशानातून येताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू त्या अर्ध्या जाळून पुन्हा बांधून ठेवल्या ते बरं केलं, किसन. माहा तं जीवच झाला नसता मायशी खोटं खेळाचा. तुह्यासारखी गाठ दुसऱ्या कोनाले येते का? मले तवाच समजलं."

मी शपथा घेतल्या. आईची, वडिलांची, मळ्याची. तो नुसता हसला आणि त्याचे डोळे भरून आले. न केलेल्या चांगुलपणाचे आभार माझ्या पदरात पडले आणि ते परत करायची काही सोयच नव्हती. त्या दिवसांत मला अन्न गोड लागेना. वाटायचं, नाक्यावरून पाठ फिरवणारा मी आणि उपकारकर्ताही मीच?

फाल्गुनात जंगल उघडल्याचं कळलं. या वेळी मी टाइमटेबल केलं नाही. सेमाडोहच्या एका म्हाताऱ्या कोरकू आदिवासीला तो पांढरा खडक माहीत होता. त्यानं आम्हाला ओढ्याकाठी नेलं. खडकाजवळ दगडांचा एक छोटा ढीग होता, वर वाळका पाला. नामदेवनं हातानं पाला बाजूला केला...

दगडावर मेण होतं. शेजारी शेजारी दोन ठिपके, वितळून घट्ट झालेले.

"इथं कोन आलं होतं बाबा?" नामदेवनं विचारलं.

म्हातारा म्हणाला, "वाघाच्या वख्ताले समदे बाहेर होतो आमी. त्याच्या मांगून बी या अंगाले कोनी नाई येत."

नामदेव माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच तो माझं बोलणं खरं मानून माझ्याकडे पाहत होता. "तू तं माह्यासंगच होता, किसन."

मग मी त्याला नरनाळ्याचं सगळं सांगितलं. मेणाचा वास, गरम बॅग, तीन पंचवीस. त्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं तो घाबरेल, निदान चकित तरी होईल. तो त्या दगडावर तळहात ठेवून बसला. दगड गार होता.

"तवाच सांगतलं काहून नाई?" तो म्हणाला. "त्या पुडक्याले मी बी हात लावला असता."

मीही त्याच्या हाताशेजारी दगडावर हात ठेवला. सुतळी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.